टोर्किलच्या मापकाबद्दल

मेरेतेचं लिखाण आजवर कुणी मनापासून वाचलं नव्हतं, आणि तिची त्याला हरकतही नव्हती. क्रॉगवी गावच्या पाणीकचेरीत ती तरुणपणापासून माहितीपानं लिहीत आली होती. खाडीच्या पाण्याची पातळी डेटाबेसमधून कशी काढायची, कुठला आकडा कुठल्या मापकाचा, वाऱ्याची नोंद कुठे सापडेल, असं सगळं त्या पानांत असायचं. नवीन माणूस रुजू झाला की त्याला ती पानं दाखवली जायची, तो मान डोलवायचा, आणि मग शेजारच्याला विचारून काम उरकायचा. आमच्याकडे असंच चालतं. लिहिलेलं असतं ते शोभेला, आणि कामाचं असतं ते कॉफीच्या टेबलावर.

मग कचेरीत एजंट आले. विमा विकणारे नव्हेत, एआयचे. एक काम सोपवलं की हे आपले आपण डेटाबेसला प्रश्न विचारतात, उत्तरं जुळवतात आणि सल्ला लिहून मोकळे होतात. त्यातल्या एकाकडे रोज सकाळी बंधाऱ्याच्या दरवाजांचा सल्ला द्यायचं काम आलं. खाडीच्या तोंडाशी आमचा बंधारा आहे. दरवाजे उघडे असले की नदीचं पाणी समुद्रात जातं, कोळ्यांच्या होड्या ये-जा करतात, सगळे खूश असतात. पण पश्चिमेचं वादळ यायला लागलं की दरवाजे वेळेवर बंद करावे लागतात. नाही केले तर समुद्र आत शिरतो आणि पूर्वेच्या काठावरची कुरणं पाण्याखाली जातात.

एजंटाला कॉफीच्या टेबलावर बसता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी एक विचारणा-साधन बनवलं गेलं, आणि ते कसं वापरायचं हे मेरेतेने लिहायचं ठरलं. तिने जुनी पानं काढली, झटकली, नीटनेटकी केली आणि त्याच्या हवाली केली. एजंटाने ती शब्द न् शब्द वाचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. दर खेपेला प्रश्न विचारण्याआधी तो वाचतोच, असं तिला कळलं तेव्हा ती मनातून सुखावली. इतक्या वर्षांत तिला पहिला वाचक मिळाला होता. त्या आठवड्यात तिने केस कापून घेतले आणि का घेतले ते घरी कुणाला सांगितलं नाही.

आता आमच्या जिभेविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिनेच केलं. पश्चिम किनाऱ्यावरची माणसं मोजकं बोलतात, आणि बोलतात तेही दोन पावलं मागे उभं राहून. जेवण उत्तम झालं तर आम्ही म्हणतो, खाता येतंय. छप्पर उडून शेजाऱ्याच्या शेतात पडलं तर म्हणतो, काल जरा वारा होता. ज्याला आम्ही तसा वाईट नाही म्हणतो त्याच्या घरी मुलगी द्यायला हरकत नसते, आणि ज्याला जरा वेगळा आहे म्हणतो त्याच्याकडे कुत्रंही सांभाळायला ठेवू नये. ऐकणारा मनातल्या मनात चारपाचने गुणतो आणि खरं काय ते त्याला कळतं. बाहेरच्यांना वाटतं आम्ही घुमे आहोत. घुमे नाही हो, आम्हाला भीड फार. माणसाच्या तोंडावर त्याचं उणं काढणं आम्हाला जमत नाही, आणि त्याच्या कामाचं उणं काढणं तर त्याहून नाही.

टोर्किल हा कचेरीचा मापकवाला. खाडीभर पसरलेले पाण्याचे मापक लावणं, पुसणं, दुरुस्त करणं हे त्याचं काम. पुढच्या वसंतात तो निवृत्त व्हायचा होता. मेरेतेच्या मुलाला वल्हं मारायला त्यानेच शिकवलं, आणि नाताळात धुरी दिलेला बाम मासा तिच्या दाराच्या मुठीला टांगून, घंटा न वाजवता निघून जाणाराही तोच. सगळ्या मापकांत क्रॉगवी धक्क्यावरचा त्याचा लाडका, असं कचेरीत सगळे धरून चालायचे. त्याची पेटी त्याने स्वतः देवदाराच्या फळ्यांची केली होती आणि दर वसंतात तिला तांबडा रंग द्यायचा.

तो मापक मात्र पश्चिमेच्या वाऱ्यात धडधडीत खोटं बोलायचा. ज्या नळीत पाणी चढतं ती नळी गाळाने बुजत आली होती. बाहेर खाडी भरत जायची, नळीतलं पाणी मागून सावकाश चढायचं, आणि आकडा यायचा तो कमी. हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. पश्चिमेचा वारा सुटला की ड्युटीवरचा माणूस टोर्किलच्या आकड्यात मनातल्या मनात वीतभर पाणी मिळवायचा, खिडकीतून लाटांकडे बघून वाटलं तर दोन विती, आणि बंधाऱ्यावर फोन करायचा. टोर्किलला कुणी काही म्हणालं नाही. मेरेतेने पानावर लिहिलं होतं, "क्रॉगवी धक्का: पश्चिमेच्या वाऱ्यात जरा जपून." आमच्या भाषेत याचा अर्थ, या मापकाला हात लावू नका. वाचणाऱ्या कुणालाही तो कळला असता, फक्त तो या किनाऱ्यावर जन्मलेला असायला हवा होता.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी वारा पश्चिमेला वळला. एजंटाने मापकांना विचारलं, हवामानाचा अंदाज पाहिला आणि सल्ला दिला की पाणी अजून बरंच खाली आहे, दरवाजे दुपारपर्यंत उघडे ठेवायला हरकत नाही. बंधाऱ्यावरची मुलगी नवीन होती, तिने सल्ला पाळला. दुपारी दरवाजे बंद केले तेव्हा समुद्र आत शिरून बसला होता. पूर्वेच्या काठावर एब्बे नावाच्या मेंढपाळाच्या गाभण मेंढ्या चरत होत्या. त्या कुंपणाला दाटीवाटीने टेकून उभ्या राहिल्या आणि तिथेच बुडाल्या. कचेरीने एब्बेला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "कुरण जरा ओलं झालंय." फोन ठेवल्यावर कचेरीतली बाई बराच वेळ उठली नाही.

कचेरीचा नवा साहेब जेप्पे कोपनहेगनहून आलेला. तिथल्या माणसांना सरळ विचारायची सवय असते आणि ती आम्हाला उद्धटपणाची वाटते. साहेब असला तरी आमच्याकडे त्यालाही अरे-तुरेच. त्याने सगळ्यांना बोलावून विचारलं की क्रॉगवीच्या मापकात काही खोट आहे का. सगळे आपापल्या कपात बघत बसले. टोर्किल त्या दिवशी उत्तरेकडे कामाला गेला होता हे एक बरं झालं. शेवटी कुणीतरी म्हणालं की तो मापक अगदी पहिल्या नंबरचा नाही. जेप्पेने ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं आणि म्हणाला, म्हणजे दुसऱ्या नंबरचा. कुणी हसलं नाही.

मेरेते आपल्या खोलीत गेली आणि एजंटालाच जाब विचारायला बसली. तिला राग आला होता. तिने टंकलं की क्रॉगवीच्या मापकाबद्दल पानावर इशारा दिलेला असताना तू त्याच्यावर कसा विसंबलास. उत्तर लगेच आलं. त्यात ना माफी होती, ना उर्मटपणा.

"माहितीपानात 'जरा जपून' असं होतं. म्हणून मी या मापकाच्या आकड्याला इतरांपेक्षा थोडं कमी महत्त्व दिलं. आकडा वापरू नये असं पानात कुठेही लिहिलेलं नव्हतं. तसं असल्यास कृपया लिहावं."

जरा म्हटलं होतं, तो जराच जपला होता.  तोंडात मारल्यासारखं झालं मेरेतेला. तिच्या पहिल्या वाचकाने तिचा शब्द न् शब्द खरा मानला होता, आणि तिने त्यातला एकही शब्द खरा मानून लिहिला नव्हता.

मग तिने सगळी पानं वरपासून वाचायला घेतली, जणू आपण दूरच्या कुठल्या देशातून आलो आहोत आणि आपल्याला इथलं काहीच माहीत नाही. एकेका ओळीला तिचे कान तापत गेले. "तारीख दिली तर वाईट नाही," असं एका ठिकाणी होतं. तारीख दिली नाही तर ते साधन जन्मापासूनचे सगळे आकडे उपसायला लागायचं आणि अख्खी कचेरी ठप्प व्हायची. "ही पातळी जुन्या पद्धतीची असू शकते." असू शकते कसली, होतीच, आणि नव्या पातळीशी तिचा मेळ बसत नव्हता. "रिकाम्या जागेचा अर्थ परिस्थितीप्रमाणे घ्यावा." कुठल्या परिस्थितीप्रमाणे, बाई? मापक बंद होता म्हणून जागा रिकामी, की पाणी शून्यावर होतं म्हणून? तिला स्वतःलाच हसू आलं आणि रडूही. ही पानं तिने कुणाला काही सांगण्यासाठी लिहिलीच नव्हती. ज्यांना आधीच माहीत आहे त्यांना न दुखावण्यासाठी लिहिली होती.

ती दुरुस्त करत गेली. तारीख द्यावीच लागते, न दिल्यास उत्तर मिळणार नाही. रिकामी जागा म्हणजे मापक बंद होता, शून्य समजू नये. हे आकडे जुन्या पातळीचे आहेत, नव्यांशी जोडू नयेत. सुरुवातीला प्रत्येक वाक्य लिहिताना आपण कुणावर तरी खेकसतो आहोत असं तिला वाटायचं. मग हात बसला. तिसऱ्या पानापर्यंत तर मजा यायला लागली. एरवी दारं-खिडक्या लावून बसणाऱ्या बाईने घर उघडं टाकावं तसं तिला मोकळं वाटलं.

मग क्रॉगवीची ओळ आली आणि हात थांबला.

तिने पळवाट शोधून पाहिली. आकड्यात वीतभर मिळवा, असं लिहिलं. पण कधी वीत, कधी दोन, ते खिडकीतून बघून ठरायचं, आणि एजंटाला खिडकी नव्हती. मग तिने लिहिलं की या मापकाला सध्या देखभालीची गरज आहे. ते वाचून एजंट काय करील याचा विचार केला आणि पुसून टाकलं. देखभालीची गरज कुणाला नसते? उरलं एकच वाक्य, आणि ते टोर्किलच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात पांढऱ्यावर काळं व्हायचं होतं. कुणीही, कधीही विचारलं की एजंट ते घडाघडा म्हणून दाखवणार. बंधाऱ्यावरच्या मुलीला, एब्बेला, त्याच्या निरोपाच्या दिवशी भाषण लिहायला बसणाऱ्याला. आयुष्यभराचं त्याचं काम, त्यात तो लाडका मापक, आणि त्याच्यावर शिक्का मारणारी मेरेते. घंटा न वाजवता दारात मासा ठेवून जाणारा माणूस यापुढे तिच्या दाराकडे फिरकणार नव्हता, हे तिला कळत होतं.

शनिवारी पुन्हा वादळ येणार असा अंदाज होता. जेप्पेला शुक्रवारी पान हवं होतं, आणि नसेल तर एजंटाचा सल्लाच बंद करून टाकू असं तो म्हणाला होता. तसं झालं तर मेरेतेला सुटल्यासारखं वाटलं असतं, हे तिने स्वतःशी कबूल केलं. पण कुंपणाशी उभ्या राहिलेल्या मेंढ्या तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. तिने ते वाक्य लिहिलं, पान छापलं, आणि साधनाला लावण्याआधी टोर्किलला दाखवायचं ठरवलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिच्या हातून वाचलेलं बरं.

गुरुवारी टोर्किल धक्क्यावरच्या आपल्या शेडमध्येच असायचा, आणि गुरुवारी ती तिथे कॉफीला जायची, कैक वर्षांचा रिवाज. तो बाकावर बसून एका मापकाच्या साखळीला ग्रीस लावत होता. बाहेर तांबडी पेटी दिसत होती. वारा अजून दक्षिणेचा होता.

"कॉफी आहे. पिता येण्यासारखी आहे," तो म्हणाला.

कॉफी त्याची नेहमीच फक्कड असायची. तिने कप घेतला, पण प्यायली नाही, आणि पान त्याच्यापुढे धरलं. त्याने हात पुसले, चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, खाली ओढला आणि वाचायला लागला. त्यावर एवढंच होतं: "क्रॉगवी धक्का. या मापकाचे आकडे पश्चिमेच्या वाऱ्यात चुकीचे असतात. ते वापरू नयेत. नळी गाळाने बुजली आहे, ती बदलायला हवी."

तो वाचत राहिला. एवढ्या चार वाक्यांना लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ वाचत राहिला. 

"चुकीचे," तो म्हणाला.

"हो."

"हे जेप्पेने लिहिलंय?"

"नाही. मी लिहिलंय."

त्याने पान गुडघ्यावर ठेवलं. तिला वाटलं आता तो उठेल, साखळी उचलेल आणि काम आहे म्हणेल. ती घाईघाईने बोलायला लागली. तुला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं कुणी बोललं नाही, त्या पेटीत तुझा किती जीव आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, मीसुद्धा म्हणून तसं गुळमुळीत लिहिलं. 

टोर्किल तिच्याकडे बघत होता, पण रागाने नव्हे. एखाद्या परक्या भाषेतलं बोलणं हळूहळू उमगावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

"वसंतातल्या बैठकीत दर वर्षी मी काय म्हणतो?" त्याने विचारलं.

तिला आठवायची गरज पडली नाही. तो दर वर्षी एकच वाक्य बोलायचा, आणि ते कचेरीतल्या सगळ्यांना तोंडपाठ होतं. "क्रॉगवीची नळी काही आता तरुण राहिली नाही."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

तिने कप बाकावर ठेवला. त्यानेच उत्तर दिलं.

"'टोर्किल, तूही नाही राहिलास.' असं म्हणता आणि हसता. तूही हसतेस. मग पुढचा विषय."

"आम्हाला वाटायचं तू कौतुक करून घ्यायचं टाळतोस. विनय म्हणून."

"विनय कसला डोंबलाचा," टोर्किल म्हणाला. "नळी मागत होतो मी."

बाहेर धक्क्याला एक होडी टेकली, दोरी पडल्याचा आवाज आला. मेरेतेने पेटीकडे पाहिलं. तिच्या मनात आलेला प्रश्न त्याने न विचारताच ओळखला.

"रंग माझ्याकडे होता," तो म्हणाला. "तेवढंच करता येत होतं. म्हटलं, लाल दिसली तर कुणाचं तरी लक्ष जाईल."

"अरे, मग नळी द्या, असं सरळ म्हणायला काय झालं होतं तुला?"

"आणि मापक खोटा आहे, असं म्हणायला तुम्हाला काय झालं होतं?"

 एकाच दोरीची दोन टोकं धरून दोघं इतकी वर्षं उभे होते, आणि समोरच्याला झटका बसू नये म्हणून कुणीच ओढली नव्हती. मेरेतेला आधी मोठ्याने हसावंसं वाटलं. मग तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की तो हसणार नाही.

"एब्बेच्या मेंढ्या आपण बुडवल्या," टोर्किल म्हणाला. "वाऱ्याने नाही, त्या यंत्राने नाही. आपण दोघांनी."

तिने मान हलवली. असं वाक्य या किनाऱ्यावर तिने कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते ऐकून काही कोसळलं नाही. तो अजून बाकावर होता, ती अजून समोर होती, आणि कॉफी थोडी निवली होती. त्याने खिशातून पेन्सिल काढली, पानावरच्या शेवटच्या वाक्यापुढे नळीचं माप लिहिलं, म्हणजे मागवणाऱ्याला परत विचारायला नको, आणि पान तिला परत दिलं. आजच लाव, म्हणाला. उद्याची वाट बघू नको.

तिने पानाची घडी केली. आता उठायला हवं होतं, पण ती उठली नाही. मघापासून तिच्या मनात काहीतरी टोचत होतं. या माणसाचं एक वाक्य तिने दर वर्षी ऐकलं होतं आणि दर वर्षी त्याचा अर्थ उलटा लावला होता. मग दर आठवड्याला ऐकते त्याचं काय?

"टोर्किल, कसा आहेस तू?" तिने विचारलं.

या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असतं, तक्रार नाही. ते त्याच्या ओठांवर आलंही, तिला ते येताना दिसलं. मग त्याने तिच्या हातातल्या घडीकडे पाहिलं.

"बरा नाही," तो म्हणाला.

 साखळीवरचं ग्रीस तो अंगठ्याने उगाचच पुसत होता.

"एल्से गेल्यापासून मी टेबलाशी जेवलो नाहीये. तीन वर्षं होतील आता. सिंकपाशी उभा राहतो आणि काय असेल ते खाऊन टाकतो. टेबलावर एकट्याचं पान मांडायला हात धजत नाही."

एल्से म्हणजे त्याची बायको. तिच्या दफनाला मेरेते गेली होती, फुलं घेऊन. नंतरच्या प्रत्येक गुरुवारी तिने याच बाकावर, हाच कप हातात धरून, हाच प्रश्न विचारला होता, आणि तक्रार नाही हे उत्तर घेऊन घरी गेली होती. गुणायला तर तिला लहानपणापासून येत होतं. तिने गुणलं नव्हतं, कारण गुणलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

हं, चालायचंच, हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. ते तिने गिळले.

"आज काय आहे जेवायला?" तिने विचारलं.

"हेरिंग मासा. आणि काळा ब्रेड."

"दोघांना पुरेल?"

 घरात काय काय आहे ते तो खरंच आठवत होता.

"नाही पुरणार," तो म्हणाला. "पण ये."